माफीचे चाळीस शब्द आणि अडकलेले आठ हजार

परभणीहून पुण्याला येऊन स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या एका मुलीचं पत्र आलं आहे. पत्र बरंच मोठं आहे, त्यातलं मुद्द्याचं तेवढं देते.

"मॅडम, माझं शिक्षण मराठी माध्यमातलं. बँकेच्या आणि राज्यसेवेच्या परीक्षा देते आहे. इंग्रजी व्याकरण आता जमतं, शब्दसंग्रहाचं मात्र घोडं अडतं. माझ्या वहीत 'माफी' या मथळ्याखाली चाळीसेक शब्द आहेत: फर्गिव्ह, पार्डन, एक्सक्यूज, कंडोन, अ‍ॅब्सॉल्व्ह, अ‍ॅक्विट, एक्झॉनरेट वगैरे. सगळ्यांपुढे मी 'माफ करणे' लिहिलंय. विरुद्ध अर्थाच्या शब्दांपुढे 'निर्दय, क्षमा न करणारा'. सराव परीक्षेत कोर्टाने एकाला सगळ्या आरोपांतून सोडलं असं वाक्य होतं, गाळलेल्या जागी मी 'पार्डन्ड' निवडलं आणि चुकले. दुसरी गोष्ट खासगी आहे. माझ्या रूममेटने खोली सोडताना घरमालकाकडून पूर्ण डिपॉझिट घेतलं आणि त्यातले माझे आठ हजारही घेऊन गेली. दोन महिन्यांनी तिचा इंग्रजीत मेसेज आलाय: 'आय रिग्रेट इफ यू फेल्ट बॅड. प्लीज एक्सक्यूज अँड लेट्स मूव्ह ऑन.' याला माफी मागणं म्हणायचं का? आणि मी माफ केलं म्हटलं, तर पैसे सोडून दिल्यासारखं होईल का?"

तुला हे दोन प्रश्न वेगळे वाटतात, मला तो एकच वाटतो. सराव परीक्षेत जिथे घसरलीस, तिथेच रूममेटच्या मेसेजपाशी अडखळली आहेस. आपला 'माफ' हा शब्द फार कामाचा आहे. फी माफ होते, दंड माफ होतो, शेतकऱ्याचं कर्ज माफ होतं, लाडक्या माणसाला सात खून माफ असतात, आणि भांडण मिटलं की 'जा, केलं माफ' म्हणून आपण मोकळे होतो. बोलताना कुणाचा गोंधळ होत नाही, कारण काय माफ झालं ते मागच्या-पुढच्या बोलण्यातून कळतं. इंग्रजीत मात्र ही कामं वेगवेगळ्या शब्दांकडे सोपवलेली आहेत. चाळीस शब्दांपुढे तू एकच अर्थ लिहिलास, तिथे ती वाटणी पुसली गेली.

ते पान आता नव्याने लिही. प्रत्येक शब्दापाशी थांबून दोन गोष्टी विचार: सोडणारा कोण, आणि सुटलं काय? सुटण्यासारख्या गोष्टी मोजक्याच असतात. मनातला राग, माथ्यावरचा दोष, भोगायची शिक्षा किंवा फेडायचं देणं.

फर्गिव्हमध्ये सुटतो तो राग, आणि तो सोडायचा अधिकार ज्याचं वाईट झालं त्याचाच. कोर्टाला राग आलेला नसतो, म्हणून कोर्ट कुणाला फर्गिव्ह करत नाही. त्याचं काम दोष आहे की नाही ते ठरवण्याचं. दोष सिद्ध झाला नाही की कोर्ट अ‍ॅक्विट करतं, त्यालाच आपली वर्तमानपत्रं 'निर्दोष मुक्तता' म्हणतात. तुझ्या गाळलेल्या जागी तेच हवं होतं. त्या जागेच्या पुढे 'ऑफ ऑल चार्जेस' होतं ना? अ‍ॅक्विटला 'ऑफ' लागतं, फर्गिव्ह आणि पार्डनला 'फॉर'. अर्थाबद्दल शंका असली तरी ही खूण बघून अर्धे पर्याय बाद करता येतात, म्हणून प्रत्येक शब्द त्याच्या प्रिपोझिशनसकटच वहीत लिहीत जा.

दोष उतरवणारे आणखी तीन शब्द अ‍ॅक्विटच्या शेजारी लिही. एक्झॉनरेटच्या पोटात 'ओनस' आहे, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ओझं. कायद्याच्या पुस्तकात 'ओनस ऑफ प्रूफ' वाचलं असशील, तेच हे ओनस. एखाद्या ग्रामसेवकावर अपहाराचा आळ आला, विभागीय चौकशी झाली आणि अहवालात त्याचा काही दोष नाही असं निघालं, की तो एक्झॉनरेट झाला. व्हिंडिकेट याच्याही पुढे जातो: आळ तर गेलाच, शिवाय त्याचंच म्हणणं खरं होतं हे सगळ्यांना दिसलं. हा शब्द दिसायला व्हिंडिक्टिव्हसारखा आहे आणि मूळही एकच, पण व्हिंडिक्टिव्ह म्हणजे सूडबुद्धीचा. पर्यायांत दोन्ही एकदम आले तर घाई करू नकोस. तिसरा अ‍ॅब्सॉल्व्ह. वसईची किंवा गोव्याची एखादी कॅथलिक मैत्रीण असेल तर तिला विचार. कन्फेशन ऐकून झाल्यावर फादर जे देतात ते अ‍ॅब्सोल्यूशन. आता चौकशी समित्यांच्या बातम्यांतही हा शब्द सर्रास येतो, पण त्याचं घर चर्चमध्ये आहे.

पार्डनवर मात्र एक संध्याकाळ घालव. यात शिक्षा सुटते. मुळात गुन्हा झालाच नव्हता, असं पार्डन म्हणत नाही. हा फरक कळायला अमेरिकेतला एक खटला फार उपयोगी आहे. जॉर्ज बर्डिक हे 'न्यूयॉर्क ट्रिब्यून'मध्ये संपादक होते. जकातीतल्या गैरव्यवहाराच्या बातम्या तुम्हाला कुठून मिळाल्या, असं त्यांना ग्रँड ज्युरीसमोर, म्हणजे खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळासमोर, विचारण्यात आलं. उत्तर दिलं तर मी स्वतःच गुन्ह्यात अडकेन, असं सांगून त्यांनी गप्प राहण्याचा हक्क वापरला. यावर राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी त्यांना आधीच पार्डन देऊन टाकलं. म्हणजे आता अडकायची भीती उरली नाही, तेव्हा बोला! बर्डिकनी ते पार्डन घ्यायलाच नकार दिला. 1915 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि म्हटलं, की पार्डनमध्ये दोष गृहीत धरलेला असतो आणि ते स्वीकारणं म्हणजे तो कबूल करणं. जवळजवळ साठ वर्षांनी, 8 सप्टेंबर 1974 रोजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी वॉटरगेट प्रकरणात पायउतार झालेले आधीचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना पार्डन दिलं तेव्हा देशभर गदारोळ झाला. फोर्ड पुढे या बर्डिक निकालातला उतारा पाकिटात बाळगत आणि विचारणाऱ्याला दाखवत.

अ‍ॅलन ट्युरिंगच्या बाबतीत हाच काटा उलट बाजूने रुतला. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचे सांकेतिक संदेश उलगडण्यात या ब्रिटिश गणितज्ञाचा मोठा वाटा होता. 1952 मध्ये त्याला समलैंगिक संबंधांबद्दल दोषी ठरवलं गेलं, आणि 1954 मध्ये तो गेला. 2009 साली पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांनी सरकारतर्फे त्याची माफी मागितली, आणि 24 डिसेंबर 2013 रोजी राणीने त्याला पार्डन दिलं. अनेकांना ते खटकलं. ज्याने काही गैर केलंच नव्हतं त्याला पार्डन कसलं देता, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि मला ते पूर्ण पटतं. माफी तर सरकारने मागायची होती, ती मागून झालीही होती.

राज्यसेवेसाठी तू संविधानाचं 72 वं आणि 161 वं कलम वाचतेसच. पहिल्यात राष्ट्रपतींचा अधिकार, दुसऱ्यात राज्यपालांचा. तिथले इंग्रजी शब्द या पानावर आण. रिप्रीव्ह म्हणजे शिक्षेची अंमलबजावणी तेवढ्यापुरती थांबवणं. दयेच्या अर्जाचा निर्णय व्हायचाय, तोवर फाशी नको, असं. रेस्पिटमध्ये काही खास कारणामुळे कमी शिक्षा दिली जाते, उदाहरणार्थ कैदी स्त्री गर्भवती आहे. रेमिशनमध्ये शिक्षेचा प्रकार तोच राहतो, मुदत घटते. कम्यूट केलं की प्रकारच बदलतो: फाशीची जन्मठेप, सक्तमजुरीची साधी कैद. या सगळ्यांना कवेत घेणारा शब्द क्लेमन्सी. पावसाळी, वादळी हवेला इंग्रजीत 'इन्क्लिमेंट वेदर' म्हणतात, ते याच घरातलं. म्हणजे दयामाया नसलेली हवा. पार्डनने शिक्षा आणि दोषसिद्धी दोन्ही जातात असं तुझ्या पुस्तकात असेल. तरीही एक ध्यानात ठेव. 1988 मध्ये केहर सिंग (इंदिरा गांधी हत्या खटल्यातला फाशीचा कैदी) प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे, की हा अधिकार वापरताना राष्ट्रपती न्यायालयाच्या निवाड्यात दुरुस्ती करत नसतात. निकाल चुकला होता, असं त्यातून निघत नाही.

पार्डन माणसाला मिळतं, अ‍ॅम्नेस्टी बहुधा अख्ख्या गटाला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ विसर, स्मृती जाण्याला म्हणतात तो 'अ‍ॅम्नेशिया' त्याचाच भाऊ. आपल्या सरकारने त्याला 'अभय' हा देखणा शब्द दिला. 2023 ची मुद्रांक शुल्क अभय योजना आठवत असेल, इंग्रजीत ती अ‍ॅम्नेस्टी स्कीम. थकलेलं शुल्क भरा, दंडात सवलत घ्या, असा तो व्यवहार. शुल्क उशिरा भरणाऱ्यावर कुणी डूख धरून बसलेलं नसतं, त्यामुळे तिथे हा शब्द कुणाच्या जिवाला लागत नाही.

दक्षिण आफ्रिकेत तो लागला. वर्णद्वेषी राजवट संपल्यावर 1995 च्या कायद्याने तिथे सत्य आणि सलोखा आयोग नेमला गेला, अध्यक्ष आर्चबिशप डेस्मंड टूटू. राजकीय हेतूने केलेल्या गुन्ह्याची सगळी हकिकत उघडपणे सांगितली, तर अ‍ॅम्नेस्टी मिळू शकत होती. सात हजारांवर लोकांनी अर्ज केले. पश्चात्ताप झालाच पाहिजे, अशी अट कायद्यात नव्हती. आणि ज्यांची माणसं मारली गेली त्यांनी फर्गिव्ह केलंच पाहिजे, अशीही नव्हती. वर्णद्वेषाविरुद्ध लढताना पोलीस कोठडीत मारल्या गेलेल्या स्टीव्ह बिको यांच्या कुटुंबाने तर या अ‍ॅम्नेस्टीच्या तरतुदीलाच कोर्टात आव्हान दिलं. 1996 मध्ये ते हरले. पुढे बिकोंच्या मृत्यूला जबाबदार असलेल्या पोलिसांना आयोगाने अ‍ॅम्नेस्टी नाकारली, ती गोष्ट वेगळी. बिकोंच्या घरच्यांकडे मी फार आदराने बघते. राज्याने खटला सोडला म्हणून आम्ही राग सोडायला बांधील नाही, हे त्यांनी जगासमोर उभं राहून सांगितलं. टूटूंची करुणाही मोठी होती, पण ती दुसऱ्याच्या वतीने देता येत नाही.

आता कंडोन. तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचा जीव या शब्दात आहे. रोजच्या इंग्रजीत तो बहुतेक वेळा नकारातच भेटतो: आम्ही हिंसा कंडोन करत नाही. चूक दिसत असून चालवून घेणं, असा त्याचा भाव. कोर्टात मात्र हाच शब्द सरळ होकारी येतो. अपिलाला उशीर झाला की वकील 'कंडोनेशन ऑफ डिले'चा अर्ज देतात, मराठीत विलंबमाफीचा अर्ज. पुरेसं कारण दाखवलं तर कोर्ट तो उशीर चालवून घेतं. नवरा-बायकोच्या खटल्यांत हा शब्द फार जड आहे. हिंदू विवाह कायद्याच्या 23 व्या कलमानुसार, क्रूरतेच्या कारणावरून घटस्फोट मागणाऱ्याने ती क्रूरता कंडोन केलेली नसावी लागते. 1975 साली पुण्याच्या एका दांपत्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. बायकोकडून क्रूरता झाली हे न्यायालयाने मान्य केलं, पण त्यानंतरही दोघांचा संसार सुरू राहिला, म्हणजे नवऱ्याने ती कंडोन केली, असं म्हणून त्याची मागणी फेटाळली. कंडोनेशनला दोन गोष्टी लागतात, असं त्या निकालात आहे: फर्गिव्हनेस, आणि समोरच्याला पूर्वीच्या जागी परत बसवणं. नुसतं मनातून माफ करणं वेगळं आणि घरात, व्यवहारात पुन्हा तीच जागा देणं वेगळं, हे इतक्या नेमकेपणाने सांगितलेलं मी फार थोड्या ठिकाणी वाचलंय.

देणं सोडायला वेव्ह. शेतकरी कर्जमाफीला इंग्रजी बातम्या 'लोन वेव्हर' म्हणतात. 2017 ची छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाची योजना काय किंवा 2019 ची महात्मा फुल्यांच्या नावाची काय, त्यात बसणाऱ्या शेतकऱ्याचं तेवढं देणं संपलं. बँकांचं राइट-ऑफ मात्र वेगळं असतं. ती हिशेबाच्या वहीतली नोंद, कर्जदार देणेकरी राहतोच आणि वसुलीही चालू राहते. बँकेच्या मुलाखतीत हे विचारतात, नीट करून जा. अमेरिकेत कर्जासाठी फर्गिव्हही वापरतात, 'स्टुडंट लोन फर्गिव्हनेस' ऐकलं असशील. बायबलच्या जुन्या इंग्रजी भाषांतरातल्या प्रार्थनेतही देवाकडे ऋणं फर्गिव्ह करण्याचीच याचना आहे. तेवढा अपवाद राग-दोषाच्या हिशेबात धरून ठेव.

माफ न करण्याचे शब्द आधी दोन ढिगांत वाटून घे, नाहीतर तेही एकमेकांत मिसळतील. काही शब्द चूक करणाऱ्याचे असतात: रिमोर्सलेस, अनरिपेंटंट. केल्याचा पस्तावा नाही तो. काही ज्याला लागलंय त्याचे: अनफर्गिव्हिंग, रिझेंटफुल, इम्प्लॅकेबल. 'प्लॅकेट' म्हणजे समजूत घालणं, तेव्हा काही केल्या ज्याची समजूत पटत नाही तो इम्प्लॅकेबल. इनेक्सरेबल म्हणजे विनवण्यांनी न हलणारा, आणि तो माणसापेक्षा काळ, म्हातारपण, समुद्राची वाढती पातळी अशांना जास्त लावतात. ग्रजसाठी आपल्याकडे चोख शब्द आहे: डूख. आपण डूख 'धरतो', इंग्रजीतही ग्रज 'होल्ड' करतात, किंवा 'नर्स' करतात, म्हणजे जोपासतात. रँकर हा माझा आवडता. लॅटिन मुळात त्याचा अर्थ खवटपणा, तेल खवट होतं तो. राग फार दिवस झाकून ठेवला की त्याला जो वास येतो, तो रँकर. अ‍ॅव्हेंज आणि रिव्हेंज यांत बदला दुसऱ्यासाठी की स्वतःसाठी एवढं पाहा, पुष्कळदा तेवढ्याने भागतं.

आता तुझी रूममेट. तिने लिहिलंय, 'आय रिग्रेट इफ यू फेल्ट बॅड.' रिग्रेट म्हणजे वाईट वाटणं. मी चुकले, असं त्यात नाही. देशांची सरकारंसुद्धा हा फरक तोलून-मापून वापरतात. ऑस्ट्रेलियातल्या मूलनिवासी मुलांना आईबापांपासून तोडलं गेलं, त्याबद्दल 1999 मध्ये तिथल्या संसदेने 'रिग्रेट'चा ठराव केला. लोकांचं समाधान झालं नाही. 13 फेब्रुवारी 2008 रोजी पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत 'सॉरी' म्हटलं, तेव्हा बाहेर जमलेली माणसं रडली. जालियनवाला बागेच्या शंभर वर्षांनंतर, एप्रिल 2019 मध्ये तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी ब्रिटिश संसदेत खोल 'रिग्रेट' बोलून दाखवला, अपॉलॉजी दिली नाही, आणि आपल्याकडे ते ज्याच्या-त्याच्या लक्षात आलं.

त्यात तुझ्या मैत्रिणीने 'इफ' घातलंय. म्हणजे तिला वाईट वाटतंय ते तुला वाईट वाटल्याचं, तेही वाटलं असेल तर. पैसे घेतल्याचा उल्लेखच नाही. आणि एक्सक्यूज हा किरकोळ गोष्टींचा शब्द: उशीर, धक्का, मध्येच बोलणं. आठ हजार त्यात बसत नाहीत. (जाता जाता, क्रियापद असताना याचा शेवट 'झ' होतो, 'सबब' या अर्थाचं नाम असताना 'स'. मुलाखतीत उपयोगी पडेल.) तेव्हा ही माफी नाही, असं मी सरळ सांगते. ती मुद्दाम फसवते आहे असं मात्र समजू नकोस. ज्या भाषेत आपण रडत-भांडत नाही त्या भाषेत अवघड गोष्ट लिहून टाकणं सोपं जातं, आणि ती तुझ्याइतकीच लहान असेल.

माफ केलं तर पैसे सोडल्यासारखं होईल का? नाही. राग सोडणं, वागणं चालवून घेणं आणि पैसे सोडणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तिन्हींचा निर्णय तुझा. राग सोडून पैसे मागता येतात. पैसे परत घेऊन पुन्हा तिच्याबरोबर खोली न घेणंही चालतं. राग अजून गेलेला नसेल तर 'फर्गिव्ह' हा शब्द लिहूच नकोस, कुणी घाई केलेली नाही. 'जाऊ दे ना' म्हणणाऱ्या मैत्रिणी भेटतील, त्यांचे आठ हजार अडकलेले नाहीत. परभणीहून घरच्यांनी पाठवलेल्या पैशांचा हिशेब तुला ठेवावा लागतो, तो मागण्यात लाजायचं काही नाही.

घरमालकाला पूर्ण डिपॉझिट कधी आणि कुणाच्या खात्यात दिलं ते विचारून लेखी घे. तू तुझा वाटा भरलास त्याची यूपीआयची नोंद काढून ठेव, आणि तिचा मेसेज पुसू नकोस. पैसे वसुलीच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. आणि वर सांगितलेली विलंबमाफी अपिलांना आणि अर्जांना असते, दाव्याला नसते. कोर्टापर्यंत जायची वेळ येईल असं मला वाटत नाही, पण भिडेखातर वर्षानुवर्षं थांबूही नकोस.

उत्तर खरं तर मराठीतच लिही, तुम्ही दोघी त्याच भाषेत एका खोलीत राहिलात: "तुझा मेसेज मिळाला. मला वाईट वाटलं ते तू न विचारता पैसे नेलेस म्हणून. आपलं बोलणं पुढे होईल, पण माझे आठ हजार मला परत हवेत." इंग्रजीतच पाठवायचं असेल तर आजच्या अभ्यासाचा उपयोग कर: "आय कॅन फर्गिव्ह यू इन टाइम, बट आय डोन्ट कंडोन व्हॉट यू डिड, अँड आय अ‍ॅम नॉट वेव्हिंग द मनी." दोन्हींत खाली रक्कम, तुझा यूपीआय क्रमांक आणि तारीख घाल. 'लवकर दे' असं लिहू नकोस, पुढच्या महिन्याची 10 तारीख लिही. एकदम जमत नसेल तर दोन हप्ते चालतील, हेही तूच सुचव, आणि ती 'हो' म्हणाली की तेवढं तिच्याकडून लिहून घे.